ढग सरकू दे

मामा दुकानाची किल्ली घरी विसरला. यात नवीन काही नाही, तो स्वतःचा चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. फरक एवढाच, की त्या दिवशी किल्ली आणायला तो एकटाच परत गेला आणि मला बंद शटरसमोर बसवून गेला.

आमचं दुकान फोटोचं आहे. लग्नाबिग्नाचे नाहीत, ओळखपत्राचे, पासपोर्टचे, नोकरीच्या अर्जावर चिकटवायचे. दिवसभर माझा एकच जप चालू असतो. हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका. दारातून आत आलेला माणूस आमच्यासाठी फक्त दोन कान आणि एक हनुवटी. तो खुश आहे की दुःखात, याच्याशी सरकारला देणंघेणं नसतं, त्यामुळे मलाही नव्हतं.

त्या सकाळी माझा अवतार बघण्यासारखा होता. घरी रंगकाम काढलेलं. अंगात मामाचा जुना सदरा, केसांत चुना, चपलेचा अंगठा तुटला म्हणून सुतळीनं बांधलेला. शेजारी तीन गाठोडी. त्यांत दुकानाचे मागचे पडदे होते, निळा, लाल आणि पांढरा, घरून धुऊन आणलेले. माझा चष्मा त्यांतल्याच एका गाठोड्यात होता, कुठल्या ते आठवत नव्हतं. आणि स्वयंपाकघरात रंगाचे डबे मांडलेले असल्यामुळे पोटात कावळे ओरडत होते.

तर मी शटरला पाठ टेकून फूटपाथवर बसले होते, आणि समोर काहीतरी उंच, धूसर येऊन थांबलं. मग ते धूसर खाली बसलं. सरळ फरशीवर, मांडी घालून, पँट मळेल याचा विचार न करता.

"तुमचा एक फोटो काढला तर चालेल?" तो म्हणाला. "नाही म्हणालात तरी चालेल. मला राग येणार नाही."

"कशासाठी?"

"मी अनोळखी माणसांचे फोटो काढतो. म्हणजे... ज्यांच्याकडे सहसा कुणी बघत नाही, अशांचे."

मी सदऱ्याकडे पाहिलं, सुतळीकडे पाहिलं, गाठोड्यांकडे पाहिलं, आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला मी बेघर वाटले होते.

शहाण्या मुलीनं अशा वेळी खरं सांगून मोकळं व्हावं. पण मला हसू आवरत नव्हतं, आणि दुसरं म्हणजे त्याचा आवाज... इतक्या अदबीनं माझ्याशी बरेच दिवसांत कुणी बोललं नव्हतं. काउंटरवर लोक माझ्याशी "ओ ताई, लवकर" एवढंच बोलतात.

"काढा," मी म्हटलं.

"इथेच बसता का तुम्ही?"

"रोज. रविवार सोडून."

"घरचं कुणी...?"

"मामा आहे. तोच मला इथे बसवून गेला."

त्यानं आवंढा गिळला. तो मला दिसला नाही, पण ऐकू आला. "आणि पावसाबिवसात?"

"पावसात आत घेतात."

त्यानं मग कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, "आहात तशाच राहा. फक्त मान हलवू नका. जरा ढग सरकू दे."

मी तशीच राहिले. मान हलवायची नव्हती, त्यामुळे वर बघता येत नव्हतं. चष्मा नव्हता, त्यामुळे समोरही नीट बघता येत नव्हतं. ढग बराच वेळ सरकला नाही. शेवटी एकदाचा खटका वाजला. त्यानं झोळीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्या हातात दिला, दोन्ही हातांनी, पाहुण्याला द्यावा तसा. "फोटोची प्रत तुम्हाला आणून देईन. कुठे भेटाल?"

"इथेच," मी म्हटलं. "मी कुठे जातेय?"

मामा आला तेव्हा मी शेवटचं बिस्किट खात होते.

---

त्यानंतर तो आला तेव्हा दुकानात माझं पासपोर्टचं गिऱ्हाईक नुकतंच निघालं होतं. केस बांधलेले, चष्मा जागेवर, इस्त्रीचा कुर्ता. आता तो मला नीट दिसला. उंच, खांद्याला झोळी, एका बुटाची नाडी सुटलेली. बरा होता. बराच बरा होता, आता लपवून काय करू.

"एक विचारू का?" तो म्हणाला. मी तेव्हाच मनात त्याचं नाव ठेवलं, परवानगीराव. "तुमच्या दुकानाबाहेर एक बाई बसतात. निराधार आहेत. गेले काही दिवस येऊन बघतोय, दिसत नाहीत. त्यांना काही झालं तर नाही ना?"

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यानं मला अजिबात ओळखलं नव्हतं.

"कशा दिसायच्या?" मी विचारलं.

"साध्या. पण डोळे... कसं सांगू? फार लांबचं काहीतरी बघणारे. कुणाची तरी वाट बघून बघून शांत झालेले. मी इतके चेहरे पाहिले, पण असे डोळे..." पुढे त्याला शब्द सापडले नाहीत.

काउंटरच्या आत माझे कान तापले. माझ्या डोळ्यांबद्दल आजवर फक्त चष्मेवाल्यानं बोलून दाखवलं होतं, आणि तेही आकड्यांत.

"फोटो आणलाय का?" मी म्हटलं. त्यानं झोळीतून काढून काउंटरवर ठेवला. मागून मामा चहाचा कप घेऊन आला, फोटो उचलला, लांब धरला, जवळ धरला.

"अगं, हा माझाच सदरा," मामा म्हणाला. "आणि ही तू. काय गं हा अवतार?"

परवानगीरावांनी फोटोकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढला. तो काउंटरला धरून उभा राहिला, तोंडात मारल्यासारखा.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मामा म्हणाला आणि चहा प्यायला आत गेला.

"तुम्ही माझ्याशी खोटं बोललात," तो हळूच म्हणाला.

"एक शब्द खोटा नाही. रोज इथेच बसते, रविवारी सुट्टी. मामानंच बसवलं होतं, किल्ली विसरला म्हणून. पावसात आतच असते."

"आणि ते डोळे?"

"चष्मा गाठोड्यात होता. शिवाय उपाशी होते."

मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्यानं फोटो झोळीत घातला, मग आठवून परत काढला, माझी प्रत काउंटरवर ठेवली आणि निघून गेला. बिस्किटांबद्दल धन्यवाद म्हणायचं राहूनच गेलं.

---

पुन्हा आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. त्याच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं होतं, पहिलंच. ते भरवणाऱ्या बाईंनी सगळे फोटो बघून आमंत्रणपत्रिकेसाठी एक निवडला होता. कुठला, ते सांगायची गरज नाही.

"त्या म्हणाल्या, सगळं प्रदर्शन या एका चेहऱ्यावर उभं आहे. बेघर माणसाचं दुःख इतकं खरं कुणी टिपलं नाही." तो काउंटरवरच्या काचेवर बोटानं रेघा ओढत होता. "मी त्यांना खरं सांगितलंय."

"मग?"

"त्या म्हणाल्या, कुणाला कळणार आहे. म्हणून तुम्हाला विचारायला आलो... नाही, विचारायला नाही. सांगायला. मी प्रदर्शन करत नाहीये."

"एका फोटोपायी?"

"एकाचा प्रश्न नाही." आता त्यानं वर पाहिलं. "तुमच्या डोळ्यांत मला जे दिसलं, ती भूक होती. मग बाकीच्यांच्या डोळ्यांत मी काय पाहिलं? का सगळीकडे माझंच काहीतरी घालून आलो? इतकी वर्षं हेच केलं मी. हेच खोटं असेल तर माझ्याकडे दुसरं काही नाहीये."

मी अलिप्त बाई आहे. गिऱ्हाइकाच्या सुखदुःखात पडत नाही. पण हा माणूस काउंटरपलीकडे उभा राहून स्वतःच्या सगळ्या कामावर बोळा फिरवायला निघाला होता, आणि त्याला कारण माझ्या चपलेचा तुटका अंगठा. मला ते बघवेना.

"मग त्यांनाच विचारा की," मी म्हटलं.

"काय?"

"फोटो काढताना मनात काय चाललं होतं ते. फोटो काढू का, एवढं विचारता, तसंच हेही विचारायचं. सगळं प्रदर्शन कशाला मोडता?"

तो माझ्याकडे बघत राहिला. काउंटरवरच्या मलाच बघत होता, फोटोतल्या नाही, असं मला वाटलं. निदान वाटून घेतलं.

"तुम्ही याल बरोबर?" तो म्हणाला. "नाही म्हणालात तरी—"

"राग येणार नाही. माहितीये. रविवारी येते."

---

त्या रविवारी आम्ही पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरलो. त्याच्या झोळीत फोटोंच्या प्रती, माझ्या पिशवीत पाण्याची बाटली आणि बिस्किटं.

सगळ्यात आधी भेटली भंगार वेचणारी मावशी. फोटोत तिचे डोळे अर्धे मिटलेले, भुवया आखडलेल्या, चेहऱ्यावर साऱ्या जन्माचा शीण. तिनं फोटो हातात घेतला आणि खो-खो हसायला लागली.

"मनात काय असणार? माशी. डोळ्यात शिरत होती मेली, आणि हा म्हणतोय मावशी, हलू नका. ह्याच्या भिडेनं बसले."

परवानगीरावांनी कपाळाला हात लावला. मी तोंड फिरवून हसले.

पुलाखाली राहणाऱ्या आजोबांचा फोटो एखाद्या साधूसारखा आला होता, नजर खाली झुकवलेली. ते म्हणाले, "तुझ्या बुटाची नाडी सुटली होती. सांगावं की नको, असं चाललं होतं माझं. तू मोठा कलाकार, म्हटलं, मध्ये बोललो तर चिडशील." मग त्यांनी वाकून पाहिलं. "अजून तशीच आहे की."

तो नाडी बांधायला खाली बसला. मला त्याच्या मानेवरची पांढरी पडलेली जागा दिसली, कॅमेऱ्याचा पट्टा रोज असतो तिथली. तिथे हात ठेवावा असं मला वाटलं. मी बाटलीचं झाकण उघडून पाणी प्यायले.

हॉस्पिटलच्या फाटकाशी बसणारा एक तरुण होता, कुबड्या घेऊन; फोटोत त्याचे डोळे भरून आलेले. त्यानं फोटो बघितला आणि उलटा करून मांडीवर ठेवला. "आई आठवली होती," एवढंच म्हणाला. मी पिशवीतली बिस्किटं त्याच्यापुढे धरली. परत निघाल्यावर परवानगीराव म्हणाला, "एक तरी बरोबर ओळखलं होतं मी," पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता. मला तेव्हा तो फार आवडला.

शेवटी सिग्नलवर टाळ्या वाजवत फिरणारी ती भेटली. तिला सगळे राणी म्हणतात. तिनं फोटो बघून आधी त्याच्या दंडावर एक चापट दिली.

"मनात शिव्या होत्या. डावी बाजू घे, डावी बाजू घे, मी दोनदा म्हटलं होतं. घेतलीस? उजवीकडून माझं नाक केवढं दिसतंय. पुन्हा काढ. आज लिपस्टिकपण आहे." मग तिची नजर माझ्यावर आली. "ही कोण? बायको?"

"नाही, नाही," तो गडबडला. "ह्या... दुकानातल्या."

"दुकानातल्या म्हणे." राणीनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "साऱ्या दुनियेला 'काढू का, बसू का' विचारत फिरतो, आणि जिथं विचारायचं तिथं बोबडी वळते. तू तरी बोल गं."

"माझं काही विचारायचं नाहीये," मी म्हटलं. तोंडावर मी 'हनुवटी वर, हसू नका' आणलं होतं, पण तापलेले कान दिसत होतेच.

परतीच्या वाटेवर तो म्हणाला, "तुमचंच राहिलं. तुमच्या मनात काय होतं?"

"सांगितलं ना. भूक."

"फोटोतली ती बाई अशी उडवून लावणारी नव्हती," तो थट्टेनं म्हणाला.

तो थट्टेनंच म्हणाला, पण मला ते लागलं. 'ती बाई.' तिच्या डोळ्यांबद्दल बोलताना त्याला शब्द सापडत नव्हते. तिला शोधत तो रोज आला होता. मी समोर उभी होते तेव्हा त्यानं मला ओळखलंसुद्धा नव्हतं. स्वतःच्याच फोटोवर जळणारी बाई जगात मी पहिलीच असेन.

"तिलाच विचारा मग," मी म्हटलं आणि आलेल्या पहिल्या बसमध्ये चढले. ती माझ्या घराकडे जात नव्हती, पण ते मला तीन थांबे गेल्यावर कळलं.

---

प्रदर्शन भरवणाऱ्या बाईंना माशी पसंत पडली नाही. गांभीर्य जातं, म्हणाल्या. लोक हसतील. परवानगीराव आयुष्यात पहिल्यांदा कुणाची परवानगी न घेता बोलला. म्हणाला, "हसू दे. मावशीसुद्धा हसलीच की. प्रत्येक फोटोखाली त्या माणसाचंच वाक्य लागेल, नाहीतर फोटो लागणार नाहीत." हे सगळं मामानं मला सांगितलं. मामाला त्यानंच येऊन सांगितलं होतं, मी नेमकी बँकेत गेलेली असताना. काउंटरवर निरोप होता. माझा फोटो पत्रिकेवर नाही, मावशींचा आहे. भिंतीवर लावायचा की नाही, ते मी येऊन सांगायचं. तोवर तो झाकलेला असेल.

मी जाणार नव्हते. मामानं दुपारीच शटर ओढलं, किल्ली माझ्या नाकासमोर नाचवली आणि म्हणाला, "आज विसरलो नाही. चल."

हॉलमध्ये बरीच माणसं होती. मावशी धुतलेलं लुगडं नेसून स्वतःच्या फोटोशेजारी उभी होती आणि येईल त्याला माशीची गोष्ट सांगत होती. राणीचा फोटो डाव्या बाजूनं पुन्हा काढलेला होता. त्या कुबड्यावाल्या तरुणाच्या फोटोखाली तीनच शब्द होते, आणि तिथे कुणी हसत नव्हतं. शेवटच्या भिंतीवर, कोपऱ्यात, एक चौकट पांढऱ्या पडद्यानं झाकलेली होती. पडदा आमच्याच दुकानातला. मामा कधी देऊन आला कोण जाणे.

चौकटीखाली कोरा कागद होता. शेजारी तो उभा, हातात पेन.

"लावू का?" त्यानं विचारलं. "नाही म्हणालात तर उतरवून ठेवतो."

"लावा. पण बेघर लिहायचं नाही."

"मी काहीच लिहिणार नाही. तुम्ही सांगाल ते." त्यानं पडदा बाजूला केला. ती तिथे बसलेली होती, केसांत चुना, अंगात मामाचा सदरा. चष्मा लावून मी तिला पहिल्यांदाच इतकी मोठी बघत होते. "काय होतं मनात?"

"भूक."

"भुकेनं माणूस असं बघत नाही. मी आता विचारून विचारून थोडं शिकलोय."

"तुम्हाला तीच आवडते," मी म्हणून टाकलं. पोटात ठेवून ठेवून कंटाळा आला होता. "मी चष्म्याची, काउंटरवरची. मला तर तुम्ही ओळखलंसुद्धा नाहीत."

त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं. "एक शब्द खोटा नव्हता, असं तुम्हीच म्हणालात. इथेच बसते. मामा आहे. पावसात आत घेतात. मग ती दुसरी कोण?" मग आणखी हळू, "ओळखलं नाही, ते खरं. त्याची लाज मला अजून वाटते. पण रविवारी तुम्ही पाणी पीत उभ्या होतात, आजोबांपाशी... नाडी बांधून वर पाहिलं, तर डोळे तेच. तेव्हा ओळखलं."

मी फोटोकडे बघूनच बोलले, त्याच्याकडे बघून जमलं नसतं.

"तुम्ही खाली बसलात ना, फूटपाथवर. पँटचा विचार न करता. माझ्याशी कुणी असं खाली बसून बोललेलं नाही. सगळे काउंटरवरून बोलतात. तेव्हा माझ्या मनात आलं... मामानं किल्ली घेऊन इतक्यात येऊ नये."

पेन हवेतच राहिलं. मागे मावशी कुणाला तरी माशी सांगत होती.

"हे... लिहू?" तो म्हणाला.

"लिही," मी म्हटलं.

त्या एका शब्दानं तो असा लाल झाला की मलाच हसू आलं. त्यानं कागद भिंतीला धरून वाक्य लिहिलं, अक्षर वेडंवाकडं आलं, पण एकही शब्द गाळला नाही. मामा पुढे आला, लांबून वाचलं, जवळून वाचलं आणि म्हणाला, "म्हणजे विसरलो ते बरंच झालं," आणि मावशीकडे निघून गेला.

"आणि तुझ्या?" मी विचारलं. "सगळ्यांना विचारलंस. तुझ्या मनात काय होतं, खटका दाबायच्या आधी?"

तो चौकटीतल्या माझ्याकडे बघत राहिला, मग शेजारच्या माझ्याकडे.

"त्या दिवशी ढग नव्हता," तो म्हणाला.